गळ टाकायला शिकताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास फिशिंगचे व्हिडिओ बघून गळाचा नाद लागलेली बरीच पोरं आणि काही निवृत्त मंडळीही एकसारखेच प्रश्न पाठवतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत. परवानगी, हद्द, पिलांचा थवा असे पेच पुढे येतात. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्हिडिओत दाखवतात तो बास मासा आपल्या नद्यांत मिळतो का?

नाही. लार्जमाऊथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी यांपैकी कशातच तो नाही. पण बास पकडायची जी पद्धत आहे ती इथे मरळीला तंतोतंत लागू पडते. दोघंही गवत, शेवाळ, बुडालेली झुडपं यांच्या आडोशाला दबा धरून बसतात, दोघंही बेडूक आणि लहान मासे खातात, आणि दोघंही आपल्या पिलांची राखण करतात. तेव्हा व्हिडिओ बघा, पण डोळ्यांसमोर मरळ ठेवा. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), चिलापी यांची तऱ्हा वेगळी, त्यांच्यासाठी प्र. ३ आणि प्र. ९.

२. अमेरिकेत लोक या बास फिशिंगकडे वळले तरी कसे?

हळूहळू, आणि सामान जसजसं सुधारलं तसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकी राज्यातल्या पॅरिस गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने दातेरी चक्रांचं रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची चकती, अनेकदा फिरायचं. बासच्या मासेमारीतली ही पहिली मोठी उडी. १९३३ नंतर टेनेसी खोऱ्यात धरणं झाली आणि बासला हवे तसे मोठे जलाशय तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे रॉड आणि स्पिनिंग रीळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनच्या निक क्रीमने मऊ प्लास्टिकचं गांडूळ बाजारात आणलं. जून १९६७ मध्ये विमा विकणाऱ्या रे स्कॉटने आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, पुढच्याच वर्षी संघटना उभी केली, आणि छंदाचा खेळ झाला.

सगळ्यात मोठ्या बासचा विक्रम मात्र यातल्या बहुतेक सुधारणांच्या आधीचा आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरीने धरलेला बास १० किलोपेक्षा थोडा जास्त भरला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. एक गोष्ट लक्षात घ्या: अमेरिकेतलीही बरीच पोरं आजसुद्धा साधी काठी, भेंड (चावा दाखवणारा तरंगता तुकडा) आणि गांडूळ घेऊन लहान माशांवरच हात बसवतात. इथेही तोच रस्ता बरा.

३. पहिल्यांदा काय सामान घ्यावं? दुकानदार तर हजारोंचं सांगतोय.

पहिला हंगाम काठीवर काढा. खानापूर भागात मिळणारा चिवा बांबू सगळ्यात चांगला: भरीव, लवचीक, शेंड्याकडे निमुळता. १० ते १२ फूट लांबीची सरळ काठी घ्या, कोवळी नको. पेरांवरच्या गाठी तासून सावलीत आडवी ठेवून दोन-तीन आठवडे वाळवा. उभी टेकवून वाळवली तर वाकते.

शेंड्याला तंगूस (नायलॉनची दोरी) नुसतं बांधू नका. शेंड्यापासून दोन फूट खाली पहिली गाठ मारा, तिथून काठीभोवती विरळ वेढे देत शेंड्यापर्यंत न्या आणि तिथे दुसरी गाठ. शेंडा मोडला तरी मासा आणि तंगूस हातात राहतं. तंगूस ०.२५ मिमी, लांबी काठीपेक्षा एक फूट कमी. भेंडेसाठी मोरपिसाचा दांडा किंवा थर्माकोलचा करंगळीएवढा तुकडा चालतो. गळापासून १५ सेंमी वर शिशाची एक-दोन बारीक गोळी दाबून बसवा. शिसं इतकंच हवं की भेंडेचा वरचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहील. शिसं कमी पडलं तर भेंड आडवी लोळते आणि चावा कळत नाही. जास्त झालं तर भेंड मुळातच जवळजवळ पूर्ण बुडालेली असते.

१० नंबरचा गळ, त्यावर गांडुळाचा दोन सेंमीचा तुकडा, टोक जेमतेम झाकलेलं, आणि काठाजवळची चिलापी. एवढ्यावर हात बसतो. अख्खं गांडूळ लोंबतं ठेवलं की चिलापी शेपूट तोडून नेते आणि गळ कोरडा येतो.

४. गळाचे नंबर उलटे का असतात? कुठल्या माशाला कुठला?

१ नंबरपर्यंत आकडा जितका मोठा तितका गळ लहान. १ नंतर १/०, २/०, ३/० असे गळ मोठे होत जातात. चिलापी आणि खवल्याला १० किंवा ८, रोहू-मृगळाला ६ ते ४, मोठ्या कटल्याला २ ते १/०, जिवंत आमिषावर मरळ किंवा शिवड्याला २/० ते ३/०. शंका आली तर लहान घ्या. लहान गळाने मोठा मासा येतो, मोठा गळ लहान तोंडात शिरतच नाही.

टोक नखावर टेकवून हलकं ओढा. रुतून अडकलं तर धार आहे, घसरलं तर कानस मारा किंवा टाकून द्या. धार गेलेल्या गळाने जितके मासे जातात तितके तंगूस तुटून जात नाहीत.

५. आता रॉड-रीळ घ्यायचंय. कोणतं घेऊ?

एकच घ्यायचं असेल तर ७ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम ताकदीचा स्पिनिंग रॉड आणि ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ. त्यावर ०.३० मिमी तंगूस. हिडकलसारख्या जलाशयात पेंडेचा गोळा लांब फेकायचा असेल तर ४००० चं रीळ आणि ०.३५ मिमी. फक्त मरळच करायची असेल तर मीडियम हेवी रॉड आणि ३० ते ४० पौंडांची विणलेली दोरी. शेवाळातून मरळ ओढताना साधं तंगूस ताणलं जातं आणि तेवढ्यात ती मुळांत शिरते.

बेअरिंग किती आहेत यावर रीळ निवडू नका. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सोडणारा ब्रेक, गुळगुळीत सुटतो का ते पाहा: दोरी हळू ओढली की न अडखळता, सारख्या वेगाने सुटली पाहिजे. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा. ६ किलोचं तंगूस असेल तर वजनकाट्याला बांधून दीड ते दोन किलोवर सुटेल असं बसवायचं.

६. नव्या रीळवर दोरी भरली आणि दुसऱ्याच फेकीला सगळा गुंता झाला. काय चुकलं?

तीनपैकी एक. पहिलं, स्पूल काठोकाठ भरलं. काठापासून दोन मिमी जागा रिकामी हवी. दुसरं, भरताना तंगूस सैल होतं. ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणावरच भरा. तिसरं, पीळ पडला. दुकानातली रीळ जमिनीवर आडवी ठेवून दहा-बारा वेढे भरा आणि थांबून ढील द्या. तंगूस स्वतःभोवती वळायला लागलं तर खालची रीळ उलटी करून ठेवा.

फेकल्यावर तारेची कमान मुठीने नाही, हाताने बंद करा आणि दोरी एकदा हलकी ताणून घ्या. बहुतेक गुंते इथेच थांबतात. विणलेल्या दोरीची वेगळी खोड आहे: नुसत्या स्पूलवर ती अख्खीच्या अख्खी गरगर फिरते, आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं. आधी पाच-सहा मीटर तंगूस भरा, मग त्याला ती जोडा.

७. एकच गाठ शिकायची तर कुठली?

पालोमार. तंगूसाला तंगूस बांधायला ती उपयोगी नाही, पण गळासाठी तिच्यापेक्षा सोपी आणि भरवशाची गाठ नाही. तंगूसाचं १५ सेंमी टोक दुमडून दुपदरी करा. तो दुमडलेला भाग गळाच्या नेढ्यातून घाला. दुपदरी तंगूसाचीच एक साधी सैल गाठ मारा, गळ खाली लोंबता राहू द्या. आता टोकाच्या फासातून अख्खा गळ ओवून घ्या. थुंकीने ओलं करून दोन्ही पदर सारखे ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस जळतं आणि गाठीपाशीच तुटतं. ओढल्यावर पदर एकमेकांवर चढलेले दिसले तर कापून परत मारा.

८. रोहू, कटल्याला गळ किती खोल ठेवायचा?

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. चार फूट पाण्यात कटल्यासाठी भेंड दीड-दोन फुटांवर, मृगळासाठी आमिष तळाला टेकेल इतकी. सकाळी ऊन चढेपर्यंत मासा काठाकडे असतो, मग खोलात जातो.

९. पेंडेचा गोळा पाण्यात पडताच फुटतो, नाहीतर तासभर तसाच राहतो. प्रमाण सांगा.

शेंगपेंड दोन भाग, तांदळाचा कोंडा एक भाग, कणीक एक भाग. पेंड ताजी हवी; घाण्यावरून आणलेली खवट नको. आधी पेंड कुटून चाळा, कोंडा आणि कणीक कोरडीच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, गार करून मिसळा. भाजलेल्या मेथीची चिमूटभर पूड घालतात, घातली तर बरं. पाणी त्याच तळ्याचं, आणि शिंपडत शिंपडत. मूठ वळली पाहिजे आणि अंगठ्याने दाबल्यावर तडकली पाहिजे. दहा मिनिटं झाकून ठेवा, कोंडा पाणी पितो, मग लागलं तर अजून थोडं.

लिंबाएवढा गोळा काठाजवळ एक हात पाण्यात सोडून घड्याळ लावा. १० ते १५ मिनिटांत तो विरघळून ढीग झाला पाहिजे. आधी फुटला तर कणीक वाढवा. अर्ध्या तासाने तसाच असेल तर कोंडा वाढवा. मासा गोळा गिळत नाही, त्याच्यातून सुटलेलं पीठ चोखतो आणि त्याबरोबर गळ ओढला जातो. म्हणून गोळा विरघळणं महत्त्वाचं. जागा बदलत बसू नका. एकाच जागी गोळे पडत राहिले की मासा तिथे येतो.

१०. कुठे बसायला परवानगी लागते? एका काठीला कोण विचारतंय?

विचारतात, आणि विचारायलाच हवं. बहुतेक तळी ठेक्याने दिलेली असतात. ठेकेदाराने किंवा मच्छीमार संघाने पैसे भरून बोटुकली (माशांची बोटाएवढी पिलं) सोडलेली असतात, त्यामुळे त्यातला मासा त्यांचा. कर्नाटकात अंतर्देशीय मासेमारीचा १९९६ चा कायदा आहे. जलाशय आणि नदीसाठी परवान्याची चौकशी तालुक्याच्या मत्स्य खात्यात करा, पाटीवर कन्नडमध्ये ‘मीनुगारिके इलाखे’ असतं. गावतळ्यासाठी ग्रामपंचायत. काठावर कुणी भेटलं तर आधी ‘इल्ली गाळ हाकबहुदा?’ (इथे गळ टाकता येईल का?) विचारा. ठेकेदाराशी एकदा बोलून ठेवलं तर बहुतेक वेळा काम भागतं.

भीमगड अभयारण्यात, म्हणजे खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या ओढ्या-नद्यांत, आणि धुपदाळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात गळ टाकायचा नाही. राकसकोप हे बेळगावच्या पिण्याच्या पाण्याचं धरण आहे, तिथेही नाही. देवळाच्या घाटावरचे आणि देवाच्या डोहातले मासे गाव राखतं. तिथे कायदा बघत बसू नका, काठी गुंडाळा.

११. नदीच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. नियम कुणाचे?

ज्या काठावर तुम्ही उभे आहात त्या राज्याचे. निपाणी, सदलगा भागातून कागल किंवा शिरोळकडे गेलात की महाराष्ट्राचा १९६० चा मासेमारी कायदा आणि तिथल्या संघाची परवानगी. इकडच्या ठेकेदाराचा शब्द तिकडे चालत नाही, तिकडची पावती इकडे दाखवून उपयोग नाही. बंधाऱ्याच्या मधोमध उभं राहून टाकणं तर दोन्हीकडून वाद ओढवून घेणं आहे. शिवाय बंधाऱ्यावर पाय ठेवायचाच नाही, कारण प्र. १६ मध्ये आहे.

१२. मरळीसाठी रबरी बेडूक कसा चालवायचा?

साडेचार ते सहा सेंमी लांबीचा, १० ते १४ ग्रॅमचा बेडूक घ्या. दोरी थेट त्यालाच बांधा. शेवाळाच्या पलीकडे दोन-तीन हात टाकून हळू ओढत आणा; शेवाळातलं भोक, कमळाच्या पानांची फट, गवताची कड आली की थांबवा. मरळ बहुतेक वेळा तो थांबलेला असतानाच घेते. रॉडचा शेंडा खाली, पाण्याकडे. हालचाल मनगटाने, दोरीला जरा ढील देत.

आधी पाच मिनिटं नुसतं पाणी बघा. मरळ हवा घ्यायला वर येते, ‘बुळुक’ असा आवाज होतो आणि गोल लाट उठते. त्या जागेवर बेडूक आपटू नका, चार हात पुढे टाकून तिच्या वाटेवर आणा. काठावर धपधप पावलं टाकलीत तर हे सगळं फुकट.

१३. मरळ उसळते, पाणी फुटतं, पण गळ लागतच नाही. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. पहिलं कारण घाई. पाणी फुटलं की हात आपोआप ओढतो, तेव्हा बेडूक अजून तोंडाबाहेर असतो. दोरीला वजन जाणवेपर्यंत थांबा, मनात ‘एक, दोन’ म्हणा, दोरीची ढील गोळा करा आणि मग जोरात. मरळीचा जबडा हाडाळ असतो, हलका झटका चालत नाही.

दुसरं कारण बेडकात. दोन्ही गळांची टोकं रबराला घट्ट चिकटलेली असतात. पक्कडीने टोकं दोन मिमी बाहेर वळवा. आत पाणी भरलं की बेडूक दबत नाही आणि गळ उघडा पडत नाही, म्हणून दर तीन-चार फेकींनंतर पिळून काढा. तिसरं, लवचीक रॉड. हे सगळं ठीक असून मासा फक्त धडक मारून जात असेल तर तो भुकेला नाही, पिलांवर आहे. पुढचा प्रश्न वाचा.

१४. पाण्यावर लालसर बारीक पिलांचा थवा फिरतो. तिथे बेडूक टाकला की हमखास मरळ येते म्हणतात. टाकू का?

नका. ती येते कारण खाली नर-मादी राखण करत असतात आणि जवळ येणाऱ्या कशावरही धावून जातात. ती काढलीत की चिलापी आणि पाणपक्षी थोड्या वेळात थवा संपवतात. एका मरळीपायी पुढच्या कित्येक मरळी जातात. पावसाळ्यात असे थवे जास्त दिसतात, पण इतर वेळीही दिसले तरी हाच नियम. चुकून लागलीच तर गळ काढून तिथेच, त्याच जागी सोडा. शंभर पावलांवर सोडली तरी पिलं उघडी पडतात. बासच्या बाबतीतही नर घरट्यावर पहारा देतो, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या काही राज्यांत त्या काळात बंदी असते.

१५. कुठल्या महिन्यात काय लागतं?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गढूळपणा बसतो, रोहू-कटला चांगला खातो. डिसेंबर-जानेवारीत थंडीने मासा सुस्त. पहाटे कुडकुडत बसू नका, दहानंतर जा. मार्च ते मे पाणी आटतं, मरळ शेवाळात एकवटते: उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि साडेचारनंतर. जून ते सप्टेंबर अंडी घालण्याचा काळ आणि पुराचा. काठी ठेवा, सामान दुरुस्त करा.

१६. एकट्याने नदीवर जायला काय धोका आहे?

आपल्यावर पाऊस नसताना पाणी चढतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिकडे कोसळला की खानापुरात ऊन असताना नदी फुगते. कोयना, वारणा, राधानगरीचा विसर्ग राजापूर बंधाऱ्यावरून कृष्णेत येतो आणि कल्लोळ-यडूर पूल पाण्याखाली जातो. काळम्मावाडीचं पाणी दूधगंगेतून सदलग्याकडे. काठावर खडूची रेघ मारा किंवा काटकी रोवा. दहा मिनिटांत पाणी तिच्यावर गेलं तर उठा. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायच्या दिवसांत खालच्या अंगाला जाऊ नका. शेवाळावर पाय सरकला तर भोवऱ्यातून पोहून येता येत नाही.

कृष्णाकाठी मगरी आहेत. वाळूवर घसरत गेल्याची खूण, रुंद पावलं दिसली तर ती जागा सोडा. गुडघाभर पाण्यात उभं राहून मासे धुणं, साफ करणं नको. वळवाचा गडगडाट ऐकू आला की कार्बनचा रॉड खाली ठेवून दूर व्हा, आणि विजेच्या तारांखाली तर तो कधीच उभा करू नका.

१७. शेततळ्यात मुलांना घेऊन शिकवलं तर? तिथे सुरक्षित वाटतं.

वाटतं तसं नाही. शेततळ्याला (कृषी होंड्याला) प्लास्टिकचं अस्तर असेल तर ओल्या उतारावर मोठा माणूसही परत चढू शकत नाही. पाय घसरला की हाताला धरायला काही नसतं. आधी एक जाड दोर गाठी मारून झाडाला किंवा खुंट्याला बांधा आणि पाण्यात सोडून ठेवा. मुलांना लाइफ जॅकेट घालूनच कुंपणाच्या आत न्या. गळ अस्तराला लागून भोक पडलं तर शेतकऱ्याचं पाणी जातं. तळाशी शिसं ओढू नका, भेंडेवरच खेळा.

१८. शिंगाळ्याचा काटा बोचला, किंवा गळ बोटात रुतला तर?

शिंगाळ्याला पाठीवर एक आणि कानाशी दोन काटे असतात. पोटाखालून हात घालून, कानाजवळच्या काट्यांच्या मागे बोटं ठेवून धरा. बोचलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवा, वेदना उतरते. काटा आत मोडला असेल तर दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते पाहा.

गळ उलट्या काट्यापर्यंत रुतला असेल तर मागे ओढू नका. डोळा, मान, सांधा यांच्याजवळ असेल तर हात न लावता दोरी कापा आणि डॉक्टरकडे जा. घरून निघतानाच पक्कडीने उलटा काटा दाबून सपाट केला असेल तर हा प्रसंग बहुधा येत नाही, आणि दोरी ताणलेली ठेवलीत तर मासाही सुटत नाही.

१९. पकडलेली जिवंत मरळ किंवा चिलापी आमच्या विहिरीत, दुसऱ्या तळ्यात सोडू का?

नाही. खायची असेल तर न्या, नसेल तर जिथून काढली तिथेच सोडा: हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, आपला श्वास रोखता येईल तेवढ्याच वेळात. मरळ दुसऱ्याच्या तळ्यात गेली की सोडलेली बोटुकली खाते आणि ठेकेदाराचं वर्ष बुडतं. चिलापी तर एकदा शिरली की निघत नाही. आफ्रिकन मांगूर बाळगायलाच देशात बंदी आहे; तो लागला तर कुठल्याही पाण्यात परत सोडू नका. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात हौसेने बास सोडला, तो देशभर पसरला, आणि २००५ पासून तो जिवंत नेणं किंवा सोडणं तिथे गुन्हा आहे. बासची पिलं मागवून शेततळ्यात वाढवू का, असंही काहीजण विचारतात. त्याचंही उत्तर हेच.